रिपोर्ट मोबाईलवर आलाय? आधी फोन आडवा धरा

मिरजेत मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहिलं की दिवसभर लोकांचे फोन हातात येतात. पूर्वी चिठ्ठी यायची, आता फोन येतो. "बघा की जरा, काय लिहिलंय," म्हणत समोरचा फोन काचेवर ठेवतो आणि दोन बोटांनी अक्षरं ताणायला लागतो. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, शिवाय पलीकडून अथणी, विजापूर. मिशनरी डॉक्टर वान्लेस साहेबांनी १८९४ साली इथं दवाखाना काढला, तेव्हापासून लोक औषधपाण्याला मिरजेची वाट धरतात. आता फक्त रिपोर्ट त्यांच्याआधी फोनवर पोचतो.

डेंगीच्या दिवसांत जतकडचा एक पोरगा धापा टाकत आला. आई दवाखान्यात होती, रिपोर्ट त्याच्या फोनवर आलेला. "दादा, आईच्या पेशी फक्त एकशे बावन्न राहिल्यात ओ! लोकांच्या लाखात असत्यात नव्हं?" फोन बघितला, तर अख्ख्या स्क्रीनभर एकच आकडा: १५२. दिसावा म्हणून त्यानं तो इतका ताणला होता, की शेजारचं काहीच शिल्लक नव्हतं. मी फोन आडवा केला, दोन बोटांनी पान परत लहान केलं आणि बोट उजवीकडं सरकवलं. पुढच्या रकान्यात एकक होतं, हजारात. त्याच्या पुढच्या रकान्यात १५० ते ४५०. म्हणजे आईच्या प्लेटलेट १ लाख ५२ हजार होत्या. काठावर, पण मर्यादेत. डेंगीत त्या पुढं घसरू शकतात, म्हणून परत कधी तपासायचं हे डॉक्टरांना विचार, एवढं सांगून त्याला पाठवलं. पण तो ज्या आकड्याला घाबरून पळत आला होता, तो आकडा मुळात नव्हताच.

पोराची नजर उत्तम होती. वाचताही येत होतं. आकडा जसजसा मोठा केला, तसतसा त्या आकड्याला अर्थ देणारा भाग स्क्रीनबाहेर गेला, एवढंच झालं. लहान पडद्यावर आरोग्याची माहिती वाचताना होणाऱ्या चुका मी बघतो त्या बहुतेक अशाच: दिसलेलं बरोबर वाचलेलं असतं, कापला गेलेला तुकडा राहून जातो. पुढचं सगळं त्या तुकड्याबद्दल आहे.

इंच सोडा, रुंदी बघा

दुकानात फोन घेताना आपण इंच विचारतो. ते इंच तिरके मोजलेले असतात, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात. वाचायला उपयोगी पडते ती रुंदी. जुना ५ इंची फोन साधारण ६.२ सेंटीमीटर रुंद पडद्याचा असायचा. आजचा साडेसहा इंची, लांबुडका फोन घ्या, पट्टी लावा: ६.८ सेंटीमीटर. दीड इंच वाढले म्हणून पैसे दिले आणि रुंदी वाढली अर्धा सेंटीमीटर, बाकी सगळी उंची. व्हिडिओला बरी, रिपोर्टच्या रकान्यांना तिचा काही उपयोग नाही.

आता लॅबचा रिपोर्ट. तो ए-फोर कागदासाठी बनवलेला असतो आणि तो कागद २१ सेंटीमीटर रुंद. तो ६.८ सेंटीमीटरात बसवला की सगळं एक तृतीयांशाहूनही लहान होतं. कागदावर १० पॉइंटचं असलेलं अक्षर उभ्या फोनवर ३ पॉइंटच्या आसपास येतं. औषधाच्या खोक्यातल्या घडीच्या कागदावरचं बारीक अक्षरही यापेक्षा मोठं असतं. तोच फोन आडवा धरलात तर पडदा १५ सेंटीमीटर रुंद होतो आणि तेच अक्षर ७ पॉइंटवर जातं. एक पैसा खर्च न करता दुपटीहून मोठं. दहा इंची टॅब उभा धरला तर साधारण साडेतेरा सेंटीमीटर मिळतात. म्हणजे रिपोर्टपुरता आडवा फोन उभ्या टॅबला भारी पडतो. मुलाकडे टॅबसाठी हट्ट धरण्याआधी हे करून बघा.

मराठीला आणखी एक अडचण आहे. आपल्या अक्षराला डोक्यावर रफार, मात्रा, अनुस्वार आणि पायाशी उकार, जोडाक्षरं. एका ओळीत तीन मजले. त्यामुळं त्याच मापाचं देवनागरी अक्षर मधल्या मजल्यावर जास्तच बारीक पडतं. इंग्रजी जिथं कसंबसं वाचता येतं, तिथं मराठीतले 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' एकमेकांत मिसळतात. त्याहून वाईट म्हणजे '१' आणि '९'. गोळीच्या बाबतीत तो फरक केवढा, हे सांगायला नको.

फोन एकदाच नीट लावून घ्या

दहा मिनिटांचं काम आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा फोन असेल तर त्यांना शेजारी बसवूनच करा, त्यांच्या चष्म्यासकट. चाळिशी लागलेल्या डोळ्याला काय सोसतं, ते वीस वर्षांच्या पोराला अंदाजानं कळत नाही.

सेटिंगमध्ये डिस्प्ले उघडा. तिथं बहुतेक अँड्रॉइड फोनवर दोन वेगळ्या गोष्टी असतात: फॉन्टचा आकार आणि डिस्प्लेचा आकार. पहिल्यानं फक्त अक्षर वाढतं, दुसऱ्यानं बटणं, चित्रं, सगळंच. सुरुवात फॉन्टपासून करा आणि एकेक पायरी वर जा. शेवटच्या पायरीवर थेट उडी मारू नका. एका ओळीत तीनच शब्द मावायला लागले तर वाक्य जिन्यासारखं उतरत जातं आणि खाली पोचेपर्यंत वरचं विसरायला होतं. एका ओळीत सहा-सात शब्द मावतील इथं थांबलेलं बरं. जाड अक्षराची सोय असेल तर ती चालू करा, देवनागरीला तिचा चांगला उपयोग होतो.

व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये चॅट या सदरात फॉन्टचा आकार वेगळा असतो, तोही बघा. क्रोममध्येही ॲक्सेसिबिलिटीत अक्षर वाढवता येतं. तिथंच, वेबसाइटनं मना केलं तरी झूम करू द्यावं, अशी एक खूण असते, ती लावून ठेवा. आणि फोन फिरवला तरी पान फिरत नसेल तर वरून खाली ओढायच्या पट्टीत ऑटो-रोटेट बंद असतं. निम्म्या लोकांचं तेच बंद असतं.

उजेडाचं म्हणाल तर उन्हात रिपोर्ट वाचू नये, सावलीत जावं. मोतीबिंदू सुरू झालेल्या काहींना पांढऱ्या पानाची चकाकी त्रास देते, त्यांनी काळ्या पानावर पांढरी अक्षरं करून बघावी. काहींना ते मुळीच मानवत नाही. ज्याचं त्यानं ठरवावं.

रिपोर्ट वाचताना

फोन आडवा. आधी सगळ्यात वर जा आणि नाव, वय, तारीख बघा. एका घरातल्या दोघांचे रिपोर्ट एकाच फोनवर असतात आणि सासूचा रिपोर्ट सुनेचा म्हणून वाचलेला मी बघितलाय.

मग एक ओळ घ्या आणि तिच्यावरून डावीकडून उजवीकडं बोट फिरवा: तपासणीचं नाव, आकडा, एकक, मर्यादा. या चार गोष्टी एका वेळी पडद्यावर दिसल्याशिवाय आकड्याचा विचारही करू नका. अक्षर बारीक वाटलं तरी चालेल. चारही दिसतील इतकंच झूम करा आणि तरी वाचता येत नसेल तर दुसऱ्याला वाचायला द्या. ताणून ताणून आकडा मोठा करणं, हाच खड्डा आहे.

खड्ड्यात पडायच्या दोन-तीन ठरलेल्या जागा आहेत. एक प्लेटलेट, ती वर सांगितली: कुठली लॅब लाखात लिहिते, कुठली हजारात, कुठली पूर्ण आकडा. १.५२, १५२ आणि १,५२,००० हे तिन्ही एकच असू शकतात. दुसरी तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी. तिचा आकडा टक्क्यांत असतो. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ किंवा वर मधुमेह. पण त्याच्याच खाली बऱ्याच रिपोर्टांत सरासरी साखरेचा अंदाज छापलेला असतो. एचबीएवनसी ७ असेल तर तो १५४ येतो. उभ्या फोनवर वरची ओळ निसटते, १५४ दिसतो आणि लोक म्हणतात, "आजची साखर एकशे चोपन्न." ती आजची नाहीच, मागच्या दोन-तीन महिन्यांच्या हिशेबावरून काढलेली सरासरी आहे. उपाशीपोटीच्या साखरेशी, जी १०० च्या आत चांगली मानतात, तिची तुलना करून उपयोग नाही.

आणि शेवटचं पान उघडल्याशिवाय रिपोर्ट बंद करू नका. शेरा बहुतेकदा तिथं असतो. 'नमुना पुन्हा द्यावा' असं दुसऱ्या पानावर लिहिलेलं आणि घरचे पहिल्या पानावर चार दिवस काळजी करत बसलेले, असंही होतं.

चिठ्ठीचा फोटो

इथं माझीच चूक सांगतो. आमचे अण्णा गावी असतात, थायरॉइडची गोळी चालू आहे. बहिणीनं नव्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. दुकानात गर्दी, मी फोन उभा धरूनच बघितला आणि १२५ ची बाटली काढली. बाटली पिशवीत घालताना हात थांबला, कारण मागच्या महिन्यात अण्णांना २५ होती. बहिणीला फोन लावला. ती कागद हातात धरून म्हणाली, "अरे, बारा पूर्णांक पाच. डॉक्टरांनी कमी केलीय." थायरॉइडच्या गोळीत १२.५ आणि १२५ असे दोन्ही डोस मिळतात. मधला टिंब फोटोत पुसला गेला होता. वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्याचं असं झालं, तर तुमचंही होईल असं धरून चाला.

तेव्हापासून घरात नियम आहे. चिठ्ठी टेबलावर सपाट ठेवायची, खिडकीच्या उजेडात, फोन वरून सरळ धरायचा आणि चारही कोपरे फोटोत यायला हवेत. व्हॉट्सॲपवर तो साधा फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, म्हणजे तो दाबून लहान केला जात नाही. आणि फोटोखाली डोस अक्षरी लिहायचा: 'बारा पूर्णांक पाच, सकाळी उपाशीपोटी एक.' मोबाईलवर टिंब हरवतं, शब्द सहसा हरवत नाही.

एककाकडं बघाच. एमजी म्हणजे मिलिग्रॅम, एमसीजी म्हणजे मायक्रोग्रॅम. एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम होतात. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा. अंधुक फोटोत ओडी आणि बीडी जुळे भाऊ दिसतात, तेव्हा विचारायला लाजू नका. सांधेवाताला देतात ती मेथोट्रेक्सेट बहुतेकांना आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. फोनवर 'आठवड्यातून' हा शब्द वरच्या ओळीत राहिला आणि 'एकदा, रात्री' एवढंच खालच्या ओळीत दिसलं, तर काय होईल बघा.

ॲपवरून औषध मागवणाऱ्यांसाठी आणखी एक. यादीत नाव मावत नाही म्हणून शेवटी तीन टिंबं येतात आणि औषधाच्या नावाची शेपटी कापली जाते. सगळा खेळ तर त्या शेपटीतच असतो. बीपीची टेल्मिसार्टन ही एक गोळी, टेल्मिसार्टन-एच म्हणजे तिच्यासोबत लघवी वाढवणारं औषध, टेल्मिसार्टन-एएम म्हणजे तिच्यासोबत अम्लोडिपिन, बीपीचंच दुसरं औषध. तिन्हींची सुरुवात सारखीच दिसते. नावावर टिचकी मारून पूर्ण पान उघडा, मगच मागवा. इन्शुलिनच्या सुईचंही तसंच. आपल्याकडं ४० आणि १०० अशा दोन ताकदीचं इन्शुलिन मिळतं, सिरिंजही दोन: लाल टोपीची ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. १०० च्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज लावून नेहमीच्या खुणेपर्यंत ओढलं तर अडीच पट डोस जातो. ॲपवरच्या नखाएवढ्या चित्रात लाल आणि नारिंगी ओळखू येईल यावर विसंबू नका. ही वस्तू दुकानातून, बाटली सोबत नेऊन घ्या.

लांबलचक माहिती वाचताना

लेख, पत्रकं, ऑपरेशनआधीच्या सूचना हे उभ्या फोनवर वाचलं तरी चालतं, कारण तिथं रकाने नसतात. इथं अडचण वेगळी. कागदावर एका नजरेत जेवढं मावतं, त्याला फोनवर सात-आठ वेळा सरकवावं लागतं. सरकवलेलं नजरेआड होतं आणि ते डोक्यात धरून ठेवायचं कामही आपल्यावरच येतं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात केलेल्या आणि २०११ च्या सुमारास गाजलेल्या एका प्रयोगात किचकट मजकूर वाचून गाळलेले शब्द भरायला दिले होते. फोनएवढ्या पडद्यावर वाचणाऱ्यांना मोठ्या पडद्याच्या निम्मेही गुण मिळाले नाहीत. पुढच्या काही प्रयोगांत सोप्या मजकुराला एवढा फरक आढळला नाही. २०१८ साली ५४ अभ्यास एकत्र करून बघितले, तेव्हा माहितीपर मजकूर कागदावर जास्त समजतो, आणि वाचायला वेळ कमी असला की फरक वाढतो, असं निघालं. ऑपरेशन उद्या सकाळी आणि सूचना आज रात्री फोनवर. किचकट मजकूर, थोडा वेळ, लहान पडदा, तिन्ही एकत्र.

म्हणून मी लोकांना उलट्या क्रमानं वाचायला सांगतो. आधी तळाशी जा. 'कोणी घेऊ नये', 'ताबडतोब दवाखान्यात कधी यावे' हे बहुतेकदा तिथं असतं आणि तिथपर्यंत पोचण्याआधीच माणूस दमलेला असतो. मग वर या. 'नाही', 'नये', 'वगळता', 'असेल तरच' हे शब्द दिसले की थांबा आणि ते वाक्य मोठ्यानं वाचा. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. 'ही गोळी उपाशीपोटी घेऊ' इथं ओळ संपली आणि 'नये' बोटाखाली झाकलं गेलं, तर सगळंच उलटं होतं.

शेजारी पाठकोरा कागद घ्या आणि तीनच गोष्टी लिहा: काय करायचं, काय करायचं नाही, काय झालं तर फोन करायचा. मजकूर दोन-चार पानांपेक्षा मोठा असेल तर सरळ झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढा. शंभर-दोनशेची औषधं घेतो आपण, तिथं पाच-दहा रुपयांचा कागद महाग नाही.

फॉरवर्ड आणि फोटोतला मजकूर

चित्रात लिहिलेला मजकूर तुमच्या फॉन्टच्या सेटिंगला दाद देत नाही. तो ताणावाच लागतो आणि ताणला की कडेचं जातं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं, तेव्हा ग्रुपवर आरोग्याच्या सूचनांची पोस्टर फिरत होती. एकेका चित्रात पंधरा-वीस ओळी. चांगली माहिती होती त्यात, पण पूरग्रस्तांच्या शिबिरात तडकलेल्या काचेच्या फोनवर ती वाचणार कोण? ओआरएसचंच घ्या. मोठी पुडी १ लिटर पाण्यात, छोटी २०० मिलिलिटरमध्ये. छोटी पुडी लिटरभर पाण्यात टाकली तर नुसतं चवीचं पाणी, मोठी पेल्याभर पाण्यात टाकली तर लेकराला अपाय. पोस्टर कुठल्या पुडीबद्दल बोलतंय ते बघायच्या फंदात पडू नका. हातातल्या पुडीवर लिहिलेलं असतं, ते वाचा.

चित्रातली अक्षरं काढून घ्यायला गुगल लेन्स चांगलं आहे. छापील मराठी ते बऱ्यापैकी ओळखतं आणि वाचूनही दाखवतं. डॉक्टरांच्या हस्ताक्षरावर मात्र त्याला सोडू नका, तिथं आम्हीच कधी कधी हात टेकतो. आणि अर्धा कापलेला स्क्रीनशॉट आला तर पुढं ढकलू नका, वरचं-खालचं मागून घ्या. आपली सांगली हळदीची, २०१८ पासून तिला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळं हळदीचे फॉरवर्ड आपल्याकडं जरा जास्तच प्रेमानं पुढं जातात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल त्यानं हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, ही ओळ त्या चित्रांत कधी मावत नाही. भाजीतल्या हळदीला कुणाची ना नाही.

तुम्हीच मेसेज लिहीत असाल तर

आशाताई, शिक्षक, मंडळाची पोरं, गावाच्या ग्रुपवर आरोग्याचे मेसेज टाकणारी हीच माणसं. त्यांनी चित्राऐवजी मजकूर टाकावा, म्हणजे ज्याच्या त्याच्या फोनवर अक्षर मोठं होतं. एका ओळीत एकच गोष्ट. आकडा आणि एकक तुटू देऊ नका. महत्त्वाचं पहिल्या चार ओळींत, कारण लांब मेसेज 'पुढे वाचा' वर कापला जातो आणि पुढं कुणी वाचत नाही. चित्रच लागणार असेल तर पाच ओळींच्या वर जाऊ नका, आणि पिवळ्यावर पांढरं असलं काही करू नका. टाकण्याआधी घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला वाचायला द्या. 'कळलं का?' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'काय करायचं ते मला परत सांगा,' असं म्हणा.

गावातल्या तपासणी शिबिरासाठी मी मेसेज लिहिला होता. मला वाटलं, झकास झालाय:

बीपी-शुगर तपासणी, मोफत.
गुरुवार, सकाळी ८ वाजता.
ग्रामपंचायत हॉल.
उपाशीपोटी या. पाणी चालेल.
बीपीची गोळी घेऊन या.

अण्णांच्या ५ इंची फोनवर पाठवला आणि त्यांना परत सांगायला लावलं. त्यांनी सगळं बरोबर सांगितलं, शेवटच्या ओळीशी थांबले, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "घेऊन यायची म्हणजे खाऊन यायचं, का खिशात घालून?"

शेवटची ओळ खोडून तीन ओळी लिहिल्या:

बीपीची गोळी रोजच्यासारखी खा.
शुगरची गोळी खाऊ नका, सोबत आणा.
शंका असेल तर १०४ वर फोन करा.